निरोप कोणाचा, आणि अश्रू कोणासाठीं?



ता. १६ नोव्हेंबर २०१३, शनिवार. दुपारचे बारा वाजण्याचा सुमार. मुंबईच्या वानखेडे मैदानावर चाळीस वर्षांचा एक गृहस्थ हातांत कागद घेऊन उभा होता. आभार मानतांना एकादें नांव राहून जाऊं नये म्हणून त्यानें यादी लिहून आणली होती. बोलतांना त्याचा कंठ दाटून येई, मग तो क्षणभर थांबे आणि पुन्हां यादीकडे पाही. सभोंवार हजारों माणसें उभीं होतीं, आणि त्यांतलीं पुष्कळ उघडपणें रडत होतीं. भाषण आटोपल्यावर सोबत्यांनीं त्यास खांद्यावर घेऊन मैदानाची फेरी घातली. मग तो एकटाच मैदानाच्या मध्यभागीं चालत गेला, ज्या जमिनीच्या पट्टीवर त्याचें सारें आयुष्य गेलें तिला दोन्ही हातांनीं स्पर्श केला, ते हात कपाळास लावले, आणि डोळे पुशीत परत फिरला.

हा गृहस्थ म्हणजे सचिन रमेश तेंडुलकर. मी त्याच्याविषयीं एकेरी लिहीत आहें ह्याचा कोणी राग मानूं नये. चाळिशी गांठलेल्या, जगभर मान पावलेल्या मनुष्यास वास्तविक अहोजाहो करावयास पाहिजे. परंतु सारा देश त्यास प्रथमपासून ‘तो सचिन’ असेंच म्हणत आला. आपल्या मराठींत आपण एकेरी कोणास म्हणतों? आईस म्हणतों, देवास म्हणतों, लहान मुलास म्हणतों, आणि अगदीं जिवलग मित्रास म्हणतों. ह्या चौघांपैकीं तो आपला कोण होता, हें कोणीं कधीं नीट ठरविलें नाहीं. मला वाटतें, आजच्या आपल्या प्रश्नाचें मूळ तेथेंच आहे.

प्रश्न असा कीं, त्या दिवशीं जे रडले ते कोणासाठीं रडले? कोणी मेलें नव्हतें. जो जात होता तो धडधाकट होता, त्यास कशाची ददात नव्हती, त्याचें कुटुंब त्याच्या बाजूस उभें होतें. हातीं घेतलेलें काम चोवीस वर्षें करून मनुष्य सन्मानानें घरीं चालला, तर रीतीप्रमाणें आनंद व्हावयास पाहिजे. असें असतां शहरांत आणि खेड्यापाड्यांत, चहाच्या दुकानांत, पंचायतीच्या दूरदर्शन संचापुढें मोठमोठीं माणसें तोंड फिरवून डोळे कां पुसत होतीं? खरें सांगावयाचें तर मीही त्यांतलाच एक होतों, आणि त्यापायीं त्या दिवशीं माझ्या हातून एक कर्तव्य वेळेवर झालें नाहीं. तें पुढें सांगेन.

ज्यांस ह्या खेळाचें वेड नाहीं अशा आमच्या वडील वाचकांसाठीं थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. आपले आजे ज्यास चेंडूफळी म्हणत तोच हा क्रिकेटचा खेळ. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवि. मुलास खेळाची ओढ आहे हें त्याच्या थोरल्या भावानें, अजितनें, ओळखलें आणि त्यास शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर ह्यांच्या हवालीं केलें. आचरेकर सर ह्या पोरास आपल्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, कीं दिवसांतून दोनदां तरी त्यास खेळावयास मिळावें. सायंकाळीं तो दमला म्हणजे यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो त्यास बाद करील त्याचें तें नाणें, आणि कोणाच्यानें बाद झाला नाहीं तर त्याचें स्वतःचें. ता. १५ नोव्हेंबर १९८९ रोजीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, तो कराचीस पाकिस्तानाविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळला. त्याच दौऱ्यांत सियालकोट येथें चेंडू नाकावर आदळून रक्त वाहूं लागलें, तरी तो मैदान सोडून गेला नाहीं. तेथपासून वानखेडेपर्यंत २०० कसोटी सामने, त्यांत १५,९२१ धावा. एक दिवसाच्या सामन्यांत आणखी १८,४२६ धावा. आणि दोन्ही मिळून १०० शतकें. इतकीं शतकें दुसऱ्या कोणीं केलेलीं नाहींत.

कित्येक वडील मंडळी म्हणतात कीं, हा सारा पोरखेळ. चेंडू मारणाऱ्यासाठीं अश्रू ढाळणें म्हणजे अश्रूंची उधळपट्टी. हा आक्षेप मला मान्य नाहीं. हातीं आलेलें काम मनापासून, चोवीस वर्षें, कंटाळा न करितां करणें ही लहान गोष्ट नव्हे. मग तें काम नांगरणें असो, शिकविणें असो, किंवा फळीनें चेंडू अडविणें असो. निरोपाच्या भाषणांत त्यानें सांगितलें कीं, एकोणतीस वर्षांत आचरेकर सरांनीं त्यास ‘चांगला खेळलास’ असें एकदांही म्हटलें नाहीं, कारण पोर संतुष्ट होऊन सैल पडेल ही त्यांना भीति. आतां आपले सामने संपले आहेत, तेव्हां सरांनीं शाबास म्हणावयास हरकत नाहीं, असेंही तो हंसत म्हणाला. गुरूच्या एका शब्दासाठीं जो एकोणतीस वर्षें थांबूं शकतो त्याचें काम पाहून कोणाचें मन हेलावलें, तर त्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. ज्या खेड्यांत वर्षानुवर्षें विहिरीस पाणी नाहीं आणि मालास भाव नाहीं, तेथें संध्याकाळीं पारावर रेडिओ लावून दहा माणसें एका मनानें आनंदित होतात, ह्या आनंदास क्षुद्र म्हणण्याचा अधिकार मला तरी वाटत नाहीं.

दुसरी गोष्ट मात्र इतकी सोपी नाहीं. त्याच्या चाहत्यांनीं त्यास उघड उघड देव म्हटलें. मैदानांत फलक लागले, गीतें झालीं, क्रिकेट हा आमचा धर्म आणि सचिन आमचा देव हें वाक्य लहान पोरांच्या तोंडीं बसलें. पुष्कळांनीं तें थट्टेनें म्हटलें असेल. परंतु एकच थट्टा वीस वर्षें चालली म्हणजे ती थट्टा राहत नाहीं. तो स्वतः तें मान्य करीत नसे. आपल्या हातून चुका होतात, आपण देव नाहीं, असें त्यानें सांगितलेलें आहे. प्रेषितांच्या कृत्यांत लुस्त्र नगरची गोष्ट आहे ती आपणां सर्वांस ठाऊक आहे. एका पांगळ्यास बरें केलें म्हणून तेथील लोकांनीं बर्णबा आणि पौल ह्यांस देव ठरविलें, बैल आणि माळा वेशीपाशीं आणिल्या. त्या दोघांनीं आपलीं वस्त्रें फाडून त्यांस महत्प्रयासानें आवरलें. आणि थोड्याच वेळांत, दुसऱ्या गांवच्या लोकांनीं कान फुंकतांच, त्याच लोकसमुदायासमक्ष पौलास दगडमार झाला आणि मेला समजून नगराबाहेर ओढून टाकण्यांत आलें. माळा आणि दगड ह्यांच्यामध्यें अंतर किती थोडें! मनुष्यास देव करणें हें देवाविरुद्ध पाप तर आहेच. परंतु तें त्या मनुष्यावरही क्रूरपणाचें आहे, हें आपण क्वचितच बोलतों. देवाचा हात दुखत नाहीं, देव थकत नाहीं, देवाचा अंदाज चुकत नाहीं. ज्यास आपण देव म्हटलें त्यास ह्यांतलें कांहींही करण्याची परवानगी राहत नाहीं.

ही गोष्ट घडलीही, आणि ती दुसरीकडे कोठें नव्हे तर ह्याच वानखेडे मैदानावर. मार्च २००६ मध्यें इंग्लंडविरुद्धच्या कसोटींत तो एक धाव काढून बाद झाला, आणि परत येतांना त्याच्या स्वतःच्या शहराच्या प्रेक्षकांपैकीं कित्येकांनीं त्याची हुर्यो केली. सात वर्षांनीं त्याच सज्जांतून रडण्याचा आवाज आला. माणसें तींच होतीं असें मी म्हणत नाहीं. परंतु दोन्ही दिवसांचा आवाज एकाच जातीचा होता, असें मात्र मला वाटतें. पहिल्या दिवशीं लोक म्हणत होते, ‘तूं आम्हांस देणें लागतोस, तें दिलें नाहींस.’ दुसऱ्या दिवशीं म्हणत होते, ‘तूं आम्हांस सोडून जातोस.’ दोहोंतही तो आमचा आहे, आमच्या मालकीचा आहे, हें धरून चाललेलें आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. सचिन चौथ्या क्रमांकानें खेळावयास येई, म्हणजे आपल्या पक्षाचे दोन गडी बाद झाल्यावांचून तो दिसावयाचा नाहीं. शेवटच्या सामन्यांत ता. १४ नोव्हेंबर रोजीं वेस्ट इंडीजचा डाव १८२ धावांत आटोपला आणि भारताचा डाव सुरू झाला. सलामीचे दोघे, शिखर धवन आणि मुरली विजय, चांगले खेळत होते. ते बाद झाले तेव्हां मैदानांत दुःख झालें नाहीं. टाळ्यांचा आणि आरोळ्यांचा कल्लोळ उडाला. आपलाच तरुण खेळाडू मान खालीं घालून परत येत आहे आणि आपलेच लोक हर्षानें नाचत आहेत! हें त्या एका दिवसाचेंच नव्हे. कित्येक वर्षें असेंच चालत आलें होतें. मुरली विजयला त्या क्षणीं काय वाटलें असेल? तोही कोणाच्या तरी घरचा मुलगा. एकावरील प्रेम जर इतकें वाढलें कीं दुसऱ्याच्या पडण्यानें आनंद व्हावा, तर त्या प्रेमाची परीक्षा केलीच पाहिजे. कुटुंबांत, शाळेंत आणि मंडळींतही हें घडतें. एका लाडक्यासाठीं दहा जणांचें पडणें आपल्यास दिसेनासें होतें.

मग त्यानें केव्हां थांबावयास पाहिजे होतें? ह्यावर त्या काळीं पुष्कळ वाद झाला. ता. १२ मार्च २०११ रोजीं नागपुरास त्याचें नव्याण्णवावें शतक झालें. शंभरावें व्हावयास एक वर्ष आणि चार दिवस लागले. ह्या वर्षभरांत लोकांस दुसरें कांहीं सुचेना. ओव्हलवर तो ९१ धावांवर बाद झाला, वानखेडेवर ९४ वर बाद झाला, आणि ह्या धावांस लोकांनीं अपयश म्हटलें. चौऱ्याण्णव धावा आणि अपयश! भारत त्या वर्षीं इंग्लंडांत चारही कसोटी सामने हरला, ऑस्ट्रेलियांत चारही हरला. परंतु चर्चा त्या एका शतकाची. शेवटीं ता. १६ मार्च २०१२ रोजीं ढाक्याजवळ मीरपूर येथें बांगलादेशाविरुद्ध त्यानें ११४ धावा केल्या. तो सामनाही भारत हरला, आणि तरी देशांत उत्सव झाला. मी त्याच्यावर दोष ठेवीत नाहीं. मनुष्यास आपलें काम आवडतें. उद्यां हात पुन्हां पूर्वीसारखा चालेल अशी आशा असते. आणि ज्याच्या दारापाशीं कोट्यवधि लोक ‘जाऊं नको’ म्हणून उभे आहेत, त्यानें उठून दार उघडावें कसें? त्याच्या राहण्यांत आपला वांटा होता. एकदिवसीय सामने त्यानें डिसेंबर २०१२ मध्यें सोडले, कसोटी सोडण्याचा निश्चय ऑक्टोबर २०१३ मध्यें सांगितला. शेवटचा सामना मुंबईस व्हावा एवढें त्यानें मंडळापाशीं मागितलें. कारण त्याच्या आईनें त्यास मैदानावर खेळतांना कधीं पाहिलें नव्हतें.

संख्येचा लोभ प्रेक्षकांस किती असतो ह्याचें जुनें उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन ह्यांचें आहे. ता. १४ ऑगस्ट १९४८ रोजीं लंडनच्या ओव्हल मैदानावर ते शेवटच्या कसोटींत खेळावयास आले. प्रतिपक्षाच्या कप्तानानें, नॉर्मन यार्डली ह्यांनीं, आपल्या खेळाडूंस गोळा करून त्यांच्या नांवें तीन वेळां जयघोष केला. चार धावा झाल्या असत्या तर त्यांची सरासरी पुरी शंभर झाली असती. एरिक हॉलीज ह्यांच्या दुसऱ्याच चेंडूवर ते शून्यावर त्रिफळाबाद झाले, आणि सरासरी ९९·९४ वर राहिली ती राहिली. आज पाऊणशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी लोक त्या चार धावांसाठीं हळहळतात. वीस वर्षांत केलेल्या ६,९९६ धावांचें समाधान त्यांस पुरत नाहीं. मला मात्र शंभरापेक्षां तो अपुरा आंकडाच आवडतो. त्यांत मनुष्य दिसतो.

आतां अश्रूंकडे वळूं. त्या दिवसांत ठिकठिकाणीं तरुणांच्या तोंडून एकच गोष्ट ऐकूं येई, कीं आज आमचें बालपण संपलें. हें उत्तर मला प्रामाणिक वाटलें. १९८९ साली जो दहा वर्षांचा होता तो २०१३ साली चौतीस वर्षांचा झाला होता. मधल्या काळांत त्याच्या घरची म्हातारी गेली, बहिणीचें लग्न झालें, नोकरी लागली अगर लागली नाहीं, पाऊस आला अगर आला नाहीं. परंतु दूरदर्शन लावलें कीं तोच ठेंगणा मनुष्य फळी घेऊन चालत येई, आणि आकाशाकडे एकवार पाही. मे १९९९ मध्यें विश्वचषकाच्या वेळीं त्याचे वडील वारले. अंत्यविधि करून तो इंग्लंडास परत गेला आणि केनियाविरुद्ध शतक करून त्यानें वर पाहिलें. तें ज्यांनीं पाहिलें त्यांतल्या कित्येकांस आपापल्या बापाची आठवण झाली असेल. तो गेला म्हणजे काळ किती गेला हें एकदम समोर आलें. तेव्हां ते अश्रू बहुतांशीं स्वतःसाठींच होते. ह्यांत ढोंग नाहीं. मनुष्यास आपल्या आयुष्याचे दिवस मोजतां येत नाहींत; ते मोजावयास कोणीतरी बाहेरचा लागतो. चूक होते ती पुढें. आपलें वय सरलें ह्याचें दुःख आपण त्याच्या माथीं मारतों. आणि आपल्या हातून जें झालें नाहीं तें त्यानें आपल्यासाठीं करावें असें म्हणतों. एप्रिल २०११ मध्यें ह्याच वानखेडेवर विश्वचषक जिंकल्यावर तरुण खेळाडूंनीं त्यास खांद्यावर घेतलें. त्यांतील विराट कोहली म्हणाला कीं, देशाचें ओझें ह्यानें एकवीस वर्षें वाहिलें, आज आम्ही ह्यास वाहतों. हें बोलणें सर्वांस गोड लागलें, मलाही लागलें. नंतर विचार आला: देशाचें ओझें एका फलंदाजाच्या पाठीवर ठेविलें कोणीं? आणि तें वाहण्यासाठीं त्याला नेमून आपण आपले हात मोकळे करून घेतले काय?

ज्यांच्यासाठीं कोणी उभें राहिलें नाहीं त्यांचीही आठवण ह्या जागीं झाली पाहिजे. फेब्रुवारी १९८८ मध्यें शारदाश्रम शाळेकडून खेळतांना सचिनबरोबर आणखी एक मुलगा होता. दोघांनीं मिळून नाबाद ६६४ धावांची भागी केली. त्यांत सचिनच्या ३२६ आणि ह्या दुसऱ्याच्या ३४९. तो विनोद कांबळी. १९९३ साली त्यानें लागोपाठ दोन कसोटींत द्विशतकें केलीं, त्यांतलें पहिलें वानखेडेवरच. त्याची सरासरी ५४ च्या वर. परंतु सतरा कसोटी सामन्यांनंतर, १९९५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्याचें कसोटी खेळणें संपलें. संपलें हें त्या दिवशीं त्यालाही ठाऊक नव्हतें. दोष कोणाचा ह्यांत मी शिरत नाहीं. त्याचा स्वतःचाही असेल. मला इतकेंच सांगावयाचें कीं, बहुतेक माणसांचें काम असेंच संपतें: एके दिवशीं पुढचें बोलावणें येत नाहीं. निरोपाचें भाषण, यादी, खांद्यावरची फेरी हें लाखांत एकास मिळतें. आपल्या गांवचा डाकवाला, शाळेचा शिपाई, तीस वर्षें दूरदूरच्या वाड्यांवर पायीं फिरलेला उपदेशक हे केव्हां थांबले तें आपल्यापैकीं किती जणांस सांगतां येईल?

सचिन गेल्यावर कोणाचें कांहीं अडलें नाहीं. एकाच महिन्यानें, डिसेंबर २०१३ मध्यें, जोहान्सबर्ग येथें चौथ्या क्रमांकावर विराट कोहली उतरला आणि त्यानें ११९ आणि ९६ धावा केल्या. लोकांनीं त्यास आपलें म्हटलें, त्याचेंही राजेपण केलें. ता. १२ मे २०२५ रोजीं त्यानेंही कसोटी क्रिकेट सोडलें. त्यास मैदानावरचा निरोप मिळाला नाहीं. म्हणून पांच दिवसांनीं बंगळुरास एका साखळी सामन्यास हजारों लोक पांढरे कपडे घालून आले, कारण कसोटीचा पोषाख पांढरा. पाऊस लागला, एकही चेंडू टाकला गेला नाहीं. तरी पांढऱ्या कपड्यांतले लोक भिजत बसून राहिले. हें वाचून माझें मन भरून आलें. कांहींही न मागतां, कांहींही न दिसतां, नुसतें आभार मानावयास आलेले ते लोक! लोकसमुदायाचें प्रेम इतकें निर्मळ होऊं शकतें हें मीं मान्य केलें. परंतु त्याच मैदानाच्या दाराबाहेर, १८ दिवसांनीं, ता. ४ जून रोजीं, त्याच संघाच्या विजयाचा उत्सव पाहण्यास लोटलेल्या गर्दींत चेंगरून ११ माणसें मेलीं. व्यवस्था करणाऱ्यांकडे त्याचा जाब मागितला पाहिजे, ह्यांत संशय नाहीं. तथापि मला राहून राहून वाटतें कीं, ज्या ठिकाणीं सर्वांचे डोळे दूरच्या एका मनुष्याकडे लागलेले असतात, तेथें बाजूचा मनुष्य खालीं पडला हें दिसत नाहीं. मुरली विजयच्या वेळीं तें टाळ्यांवर निभावलें. येथें निभावलें नाहीं.

आतां माझ्या हातून राहिलेली गोष्ट. त्या शनिवारीं आमच्या भागांतील एका वाडीवर अंथरुणास खिळलेल्या एका आजीबाईंस भेटावयास अकरा वाजतां येतों असें मीं कळविलें होतें. साडेअकरा वाजतां मी रस्त्यावरच्या चहाच्या दुकानांत उभा होतों. सामना संपला, मग भाषण सुरू झालें, मग तो खेळपट्टीकडे गेला. निघावें निघावें म्हणतां मी वाडीवर पोंचलों तेव्हां दीड वाजून गेला होता. म्हातारी दाराकडे तोंड करून पडली होती. तिच्या नातवाचे डोळे लाल दिसत होते, आणि माझेही दिसत असले पाहिजेत.

“कुणाचं गेलं, पाळकसाहेब?” तिनें विचारलें. “सकाळपासनं पोरं रडत्यात.”

कोणी गेलें नाहीं, एक खेळणारा आज खेळ सोडून घरीं चालला, असें मीं सांगितलें. तिला तें नीट उमगलें नाहीं.

“मंग त्येला काय झालं? आजारी हाय का?”

“नाही आजी. चांगला आहे.”

“आई हाय का त्येला?”

आहे, मीं म्हटलें; मैदानावर आली होती. चाकाच्या खुर्चींत बसवून आणावें लागलें. मुलाचा खेळ तिनें समोर बसून पाहिला तो ह्याच सामन्यांत, चोवीस वर्षांत पहिल्यांदांच.

म्हातारी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. तिचा स्वतःचा थोरला मुलगा पुण्याकडे कामास होता. तो कधीं येतो हें विचारण्याचें मीं टाळीत असें.

“चोवीस वर्सं,” ती म्हणाली. “मंग आता जेवाया घरी येईल ना येळंवर?”

येईल, असें मीं म्हटलें. नातवानें डोळे पुसले आणि चुलीवर चहाचें आधण ठेविलें. उशीर कां झाला हें तिनें विचारलें नाहीं. अकरा वाजल्यापासून उशाशीं काढून ठेविलेला चष्म्याचा डबा मात्र तिनें माझ्याकडे सरकविला, कारण तिच्या मुलाचें पत्र आलें होतें आणि तें मीं तिला वाचून दाखवावयाचें होतें.